व्हायरल तापानंतरचा पक्षाघात: ताप उतरला तरी काही आठवडे का जपायचं?

ऑगस्टमधली गोष्ट. दवाखाना उघडायच्या आधीच एका जुन्या पेशंटच्या मुलाचा फोन आला. "डॉक्टर, आईचा ताप काल उतरला, पण आज फार अशक्तपणा आलाय. चहाचा कपसुद्धा हातात धरवत नाहीये." घरात आधी नातवाला सर्दी-ताप येऊन गेला होता, मग आजींना. दोन दिवसांपूर्वी मीच त्यांना तपासलं होतं. मी म्हणालो, "ओआरएस द्या, पेज द्या, संध्याकाळी दाखवायला घेऊन या."

संध्याकाळी साडेपाचला मुलाने आणि सुनेने त्यांना दोन्हीकडून धरून आत आणलं. उजवा पाय फरफटत होता. तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं. मी नाव विचारलं, तर त्यांना ते सांगता येईना. तो अशक्तपणा नव्हताच. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती आणि सकाळपासून अकरा तास निघून गेले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची वेळ केव्हाच टळली होती.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्या फोनवर मी एक प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारला नाही: कप एका हातात धरवत नाही की दोन्ही हातांत? हा लेख त्या प्रश्नामुळे लिहितो आहे.

पण मग त्याच आठवड्यात का?

पुढे तपासण्या झाल्या तेव्हा आजींच्या मानेतल्या डाव्या रक्तवाहिनीत चरबीचा जाड थर सापडला. असा थर चार-पाच दिवसांत तयार होत नाही. त्यांना दहा वर्षांपासून बीपी होता, शुगरही होती, म्हणजे तो थर कित्येक वर्षं तिथे शांत बसून होता. मुलाने मला नेमका तोच प्रश्न विचारला. इतकी वर्षं काही झालं नाही, मग साध्या व्हायरल तापानंतरच कसं झालं?

पक्षाघात, लकवा, अर्धांगवायू, स्ट्रोक, ब्रेन अटॅक, "अंगावरून वारं गेलं" हे सगळे शब्द एकाच घटनेसाठी वापरले जातात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बंद होतो, नाहीतर रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. बहुतेक रुग्णांत पहिला प्रकार असतो, म्हणजे गुठळी अडकते. त्यामागची मोठी कारणं तुम्ही ऐकलेली असतील: बीपी, मधुमेह, तंबाखू, कोलेस्टेरॉल, हृदयाचे अनियमित ठोके. ही कारणं वर्षानुवर्षं जमीन तयार करत असतात. पण पक्षाघात एका ठरावीक सकाळी होतो, आणि त्या सकाळी ठिणगी कशाने पडली याचं उत्तर अनेकदा आधीच्या एक-दोन आठवड्यांतल्या संसर्गात सापडतं.

ताप आल्यावर रक्तात नेमकं काय होतं

बोट कापलं की थोड्या वेळात रक्त थांबतं. रक्त गोठण्याची ही सोय आपण जखमेसाठीच आहे असं समजतो. शरीर मात्र ती जंतूंविरुद्धही वापरतं. जंतू आत शिरला की त्याला अडकवून ठेवायचं, पसरू द्यायचं नाही, यासाठी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स मिळून बारीक जाळं विणतात. काही पांढऱ्या पेशी तर स्वतःच्या आतला डीएनएच बाहेर टाकून त्याचं जाळं करतात. आपल्या बाजूने लढण्याची ही चांगली पद्धत आहे. अडचण एवढीच, की जे जाळं जंतूला अडकवतं, तेच गुठळीचा पाया होऊ शकतं.

संसर्ग झाला की शरीरात रासायनिक निरोप फिरू लागतात. त्यांतला एक म्हणजे इंटरल्यूकिन-६. तो यकृताला सांगतो, लढाई सुरू आहे, माल पाठव. यकृत मग सीआरपी बनवतं. तुमच्या रिपोर्टमध्ये तापात वाढलेला दिसतो तो हाच सीआरपी. त्यासोबत यकृत फायब्रिनोजेनही जास्त बनवतं, आणि फायब्रिनोजेन हा तर गुठळीचा कच्चा मालच. प्लेटलेट्सही या काळात जास्त चिकट होतात. या सगळ्या धुमश्चक्रीला आम्ही दाह म्हणतो. घसा सुजतो, लाल होतो, दुखतो, तो दाह तुम्हाला जाणवतो. रक्तवाहिन्यांच्या आत चाललेला दाह जाणवत नाही.

रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचं एक अस्तर असतं. नॉनस्टिक तव्यासारखं समजा. ते शाबूत आहे तोवर रक्त सरळ वाहतं, कुठे चिकटत नाही. दाहामुळे या अस्तराचा गुळगुळीतपणा जातो. काही विषाणू, उदाहरणार्थ कोविडचा, थेट या पेशींनाही इजा करतात. आता जिथे आधीच चरबीचा थर आहे तिथलं चित्र पाहा. त्या थरावर दुधावरच्या सायीसारखं आवरण असतं. जाड साय टिकते, पातळ फाटते. दाहाच्या पेशी त्या थरात घुसून साय आतून पातळ करतात. ती फाटली की आतला मऊ भाग रक्ताच्या संपर्कात येतो, शरीराला वाटतं जखम झाली, आणि काही मिनिटांत तिथे गुठळी बनते. गुठळीचा तुकडा सुटून वर मेंदूत गेला की पक्षाघात. आजींच्या बाबतीत बहुधा असंच घडलं.

याखेरीज तापात इतरही गोष्टी एकदम बिघडतात. घाम, उलट्या, न पिणं यामुळे अंगातलं पाणी कमी होतं आणि रक्त दाट होतं. शुगर वाढते, कारण संसर्गात शरीर जास्त साखर सोडतं. हृदयाचे ठोके जलद होतात, आणि वयस्कर माणसांत ते कधी कधी अनियमित होतात. ठोके अनियमित झाले की हृदयाच्या कप्प्यात रक्त साचून तिथेही गुठळी बनू शकते. आणि शेवटी, तापात माणूस दिवसभर पडून राहतो आणि रोजच्या गोळ्या बंद करतो. या गोळ्यांकडे नंतर येतो, कारण त्यांतलं बरंचसं आपल्या हातात आहे.

धोका किती वाढतो?

ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदींवरून केलेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्याची पद्धत मला आवडते. एका माणसाची दुसऱ्याशी तुलना न करता, त्याच माणसाच्या तापाच्या दिवसांची तुलना त्याच्याच बिनतापाच्या दिवसांशी केली होती. म्हणजे "त्यांना बीपी होता, यांना नव्हता" हा घोळच उरला नाही. श्वसनाचा संसर्ग झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत पक्षाघाताचा धोका सुमारे तिप्पट आणि हार्ट अटॅकचा सुमारे पाचपट दिसला. त्यानंतर तो हळूहळू कमी होत काही आठवड्यांत पूर्ववत झाला. लघवीच्या संसर्गातही धोका वाढलेला दिसला, पण कमी.

कोविडमध्ये हे जगाने उघड्या डोळ्यांनी पाहिलं. न्यूयॉर्कच्या दोन रुग्णालयांत कोविडमुळे आलेल्या १,९१६ रुग्णांपैकी ३१ जणांना गुठळीचा पक्षाघात झाला. त्याच रुग्णालयांत आधीच्या काळात फ्लूमुळे आलेल्या १,४८६ जणांत हा आकडा ३ होता. स्वीडनमधल्या सुमारे ८७,००० कोविड रुग्णांच्या अभ्यासात पहिल्या आठवड्यातला धोका नेहमीच्या तीन ते सहा पट निघाला.

आता इथे थांबून एक हिशेब करू, नाहीतर "तिप्पट" वाचून घरोघरी घबराट होईल. समजा, साठीच्या पुढच्या, बीपी आणि शुगर असलेल्या शंभर जणांपैकी एकाला वर्षभरात पक्षाघात होतो. म्हणजे एका आठवड्याचा धोका झाला साधारण ५,२०० मध्ये १. तो तिप्पट झाला तरी ५,२०० मध्ये ३. म्हणजे ताप आलेल्या बहुतेक सगळ्यांना काहीही होत नाही. पंचविशीतल्या धडधाकट मुलासाठी मूळ धोकाच इतका कमी असतो, की त्याची तिप्पटही नगण्यच राहते. हा लेख त्याच्यासाठी नाही, त्याच्या आजोबांसाठी आहे. ज्यांना आधी पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, ज्यांचे ठोके अनियमित आहेत, बीपी-शुगर आहे, जे विडी-सिगारेट ओढतात, तंबाखू खातात किंवा मिश्री लावतात, त्यांच्यासाठी आहे. आपल्याकडे घरातल्या बायकांची मिश्री व्यसनात धरलीच जात नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

नागीण आणि डेंगी

सर्दी-तापाच्या विषाणूंपलीकडे दोन आजारांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण या दोन्हींत आपल्याकडे चुका जास्त होतात.

नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि वय झालं किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की पुन्हा डोकं वर काढतो. मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींपर्यंतही पोहोचू शकतो आणि तिथे दाह निर्माण करतो. ब्रिटनमधल्याच नोंदींनुसार नागिणीनंतरच्या पहिल्या महिन्यात पक्षाघाताचा धोका साठेक टक्क्यांनी वाढतो आणि पुढच्या सहा महिन्यांत उतरत जातो. पण नागीण कपाळावर आणि डोळ्याभोवती असेल, तर तो तिपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि तोही लगेच नाही, एक ते तीन महिन्यांनी. ज्यांनी विषाणूविरोधी गोळ्या घेतल्या त्यांच्यात तो कमी दिसला.

या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर सगळ्यात उपयोगी पडतात. आणि हे तीन दिवस आपल्याकडे कशात जातात? कुणीतरी मंत्र टाकून देतं, कुणी लेप लावतं, "दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो" या भीतीने घर हवालदिल होतं. तोंडं जुळत वगैरे नाहीत. नागीण एका मज्जातंतूच्या पट्ट्यात, बहुतेक वेळा शरीराच्या एकाच बाजूला राहते. लेप लावायचा तर लावा, पण आधी डॉक्टरांकडे जा. डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी.

लहान मुलांत कांजिण्यांनंतर काही महिन्यांत पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत. ती अतिशय विरळ आहेत, आणि कांजिण्यांवर लस आहे.

डेंगीचं गणित उलटंसुलटं आहे. त्यात प्लेटलेट्स घसरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरतं. म्हणून मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो आणि रक्त घट्ट झाल्याने गुठळीही होऊ शकते. तैवानमधल्या अभ्यासात डेंगीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत पक्षाघाताचा धोका अडीच पटीच्या आसपास दिसला. इथे सगळ्यात महत्त्वाचं असं: हा लेख वाचून "तापात गुठळी होते, मग अ‍ॅस्पिरिन घेऊन टाकू" असं कृपया करू नका. पावसाळ्यातला ताप डेंगीचा नाही हे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांतलं काहीही स्वतःहून घ्यायचं नाही. मुलांना तर व्हायरल तापात अ‍ॅस्पिरिन देतच नाहीत. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मात्रेत.

आणि ज्यांना हृदयासाठी किंवा आधीच्या पक्षाघातासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी कायमची चालू आहे? त्यांनी ती स्वतःहून बंदही करायची नाही. ताप आला की पहिल्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून "माझी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे" एवढं वाक्य सांगायचं. प्लेटलेट्स पाहून गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

तापातल्या गोळ्या

आजींनी चार दिवस बीपीची गोळी घेतली नव्हती. का, तर "पोटात अन्न नाही, मग एवढ्या कडक गोळ्या कशा घ्यायच्या?" हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. काही घरांत "या गोळ्या उष्ण पडतात, तापात नको" असंही असतं. बीपीच्या बहुतेक गोळ्यांना भरल्या पोटाची गरज नसते. चार घास मऊ भात खाऊन, किंवा नुसत्या पाण्याबरोबरही त्या घेता येतात.

पण याला एक खरा अपवाद आहे आणि तो लपवून उपयोग नाही. उलट्या-जुलाब जोरात असतील, लघवी कमी झाली असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर काही बीपीच्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या आणि शुगरच्या काही गोळ्या दोन-तीन दिवस थांबवाव्या लागतात, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो. कोणती थांबवायची, कोणती नाही, हे गोळीच्या नावावर अवलंबून असतं. म्हणून गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो डॉक्टरांना पाठवा आणि विचारा. इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी झालं म्हणून ते स्वतःहून पूर्ण बंद करू नका. मात्रा विचारून बदला आणि शुगर रोज तपासा.

मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्यांबद्दल एक सूचना. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत रक्तवाहिन्या आकुंचित करणारं औषध असतं. त्याने बीपी वाढू शकतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकसारखी गोळी पाच-सहा दिवस घेतली तर तीही बीपी वाढवते आणि हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांना त्रासदायक ठरते. बीपीच्या माणसाने दुकानदाराला "काहीतरी सर्दीचं द्या" म्हणू नये. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा, पॅरासिटामॉल घ्या.

पाणी, ताक, पेज, वरणाचं पाणी थोडं थोडं दिवसभर घेत राहा. लघवीचा रंग फिकट राहिला म्हणजे पुरेसं जातंय. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी प्रमाण विचारून घ्यावं. आणि ताप उतरल्यावर लगेच "एक बाटली सलाईन लावा, ताकद येईल" हा हट्ट नको. तोंडाने घेता येत असेल तर सलाईनने जास्त काही मिळत नाही. उलट सकाळचा अशक्तपणा पक्षाघाताचा असेल, तर सलाईनचे ते तीन तास फार महाग पडतात.

अशक्तपणा की पक्षाघात?

तापानंतरचा अशक्तपणा सगळ्या अंगाला असतो. दोन्ही पाय जड होतात, दोन्ही हात गळाल्यासारखे वाटतात, आणि तो सावकाश येतो, सावकाश जातो. पक्षाघात अचानक येतो आणि बहुतेक वेळा एकाच बाजूला. म्हणून घरातल्या आजारी माणसाचा हात "चालत नाहीये" असं वाटलं, तर तीन गोष्टी करून घ्या. त्यांना हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का पाहा. दोन्ही हात समोर उचलून डोळे मिटून दहा सेकंद धरायला सांगा, एक हात खाली येतो का पाहा. "आज घरात कोण कोण आहे?" असं काहीतरी विचारा, बोबडं किंवा भलतंच उत्तर येतं का ऐका. याशिवाय अचानक तोल जाणं, एका डोळ्याने किंवा एका बाजूचं दिसेनासं होणं, आयुष्यात कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, हीसुद्धा लक्षणंच आहेत.

तापाच्या भरात माणूस असंबद्ध बोलतो तेव्हा "ताप डोक्यात गेलाय" म्हणून कपाळावर पट्ट्या ठेवल्या जातात. ताप आणि असंबद्ध बोलणं हे मेंदूच्या संसर्गाचंही लक्षण असू शकतं. पक्षाघात असो की मेंदूज्वर, दोन्हींत जागा रुग्णालयातलीच.

नुसतं तोंड वाकडं झालं तर तो चेहऱ्याच्या मज्जातंतूचा साधा लकवाही असू शकतो, ज्याला बेल्स पाल्सी म्हणतात. तोही विषाणूमुळे होतो आणि बहुतेकांत बरा होतो. त्यात कपाळाला आठ्या पडत नाहीत आणि डोळा मिटत नाही. पण हा फरक घरी आरशासमोर ठरवू नका. आम्हालाही कधी कधी स्कॅन बघावा लागतो.

लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत पूर्ण गेली तरी जायचंच. तो इशारा असतो, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यात धोक्याचे असतात.

वेळ कुठून मोजायची

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मांडीतून किंवा मनगटातून तार घालून गुठळी बाहेर काढता येते. निवडक रुग्णांत हे २४ तासांपर्यंतही करतात, पण जितकं लवकर तितकं बरं. रक्तपुरवठा बंद असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात.

डॉक्टर विचारतील, "शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं होतं?" घड्याळ तिथून सुरू होतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं, तर रात्री झोपतानाची वेळ धरली जाते. त्यामुळे रात्री बाथरूमला उठल्या होत्या का, तेव्हा नीट चालल्या का, कुणाशी बोलल्या का, हे आठवून सांगा. एवढ्याशा माहितीने इंजेक्शन मिळणं-न मिळणं ठरू शकतं.

१०८ ला फोन करा किंवा गाडी असेल तर गाडीने निघा. सीटी स्कॅन चोवीस तास सुरू असलेलं रुग्णालय गाठायचं. वाटेत माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात थांबू नका, माझ्याकडे स्कॅन नाही. निघताना फोन करून "पक्षाघाताचा पेशंट आणतोय" असं रुग्णालयाला कळवा. घरात ग्लुकोमीटर असेल तर शुगर पाहा, कारण शुगर खूप खाली गेली तरी अगदी पक्षाघातासारखं दिसतं. पण त्यासाठी खोळंबू नका. तोंडात पाणी, चहा, जिभेखाली बीपीची गोळी, अ‍ॅस्पिरिन, काही नको. गिळण्याचे स्नायू लुळे असले तर पाणी फुप्फुसात जातं, आणि रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कुणालाच सांगता येत नाही. तेलाची मालीश, कबुतराचं रक्त, अमक्या गावचं लकव्याचं औषध यांत पहिले चार तास घालवलेल्या घरांतली माणसं मला नंतर फिजिओथेरपीसाठी चिठ्ठी मागायला भेटतात.

लसी, तपासण्या आणि काही प्रश्न

फ्लूची लस घेतली तर फायदा होतो का? कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ४१ लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. फ्लूची लस घेतल्यानंतरच्या सहा महिन्यांत पक्षाघाताचा धोका वीस टक्क्यांहून थोडा जास्तच कमी आढळला. लस घेणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतात, म्हणून सगळं श्रेय लसीला देता येणार नाही. तरीही माझ्या जोखमीच्या पेशंटना मी पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ही लस घ्यायला सांगतो. नागिणीची लस पन्नाशीनंतर घेता येते. ती आता भारतातही मिळते, पण महाग आहे, त्यामुळे घरची परिस्थिती बघून बोलतो. पासष्टीनंतर न्यूमोनियाच्या लसीबद्दलही विचारा.

"लसीनेच गुठळ्या होतात ना?" २०२४ साली कोविशील्डच्या बातम्या आल्यापासून हा प्रश्न थांबलेला नाही. त्या लसीनंतर प्लेटलेट्स कमी होऊन गुठळ्या होण्याचा एक दुष्परिणाम खरोखर आहे, पण तो अत्यंत विरळ आहे आणि डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच दिसतो. २०२१ मध्ये घेतलेल्या डोसची भीती आज बाळगायचं कारण नाही. फ्लूच्या लसीचा याच्याशी संबंध नाही. वर सांगितलेल्या ब्रिटिश अभ्यासात फ्लूच्या लसीनंतर पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला नव्हता.

प्रत्येक तापात सीआरपी, डी-डायमर करून घ्यावं का? नाही. कोविडपासून लोकांना या नावांची सवय लागली आहे. संसर्गात हे आकडे वाढणारच, आणि त्यावरून कुणाला पक्षाघात होणार हे सांगता येत नाही.

मग दाहच कमी करणारं औषध घेतलं तर? प्रश्न हुशारीचा आहे आणि संशोधक त्याच्याच मागे आहेत. २०१७ साली दहा हजारांवर हृदयरुग्णांवर झालेल्या चाचणीत कोलेस्टेरॉलला हात न लावता फक्त दाह कमी करणाऱ्या एका इंजेक्शनने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं. मात्र त्यात गंभीर, जिवावर बेतणारे संसर्ग थोडे वाढले. पक्षाघाताच्या रुग्णांत कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त गोळीच्या चाचण्या झाल्या, पण त्यांतून पक्का फायदा अजून सिद्ध झालेला नाही. तोवर तापात स्वतःहून स्टेरॉइड घेणं हा यावरचा उपाय नाही. त्याने शुगर आणि बीपी दोन्ही चढतात.

"आधी एकदा पक्षाघात झालाय, आता साधी सर्दी झाली तरी धावत यायचं का?" साध्या सर्दीला नाही. ताप १०१ च्या वर गेला, दोन दिवसांत उतरला नाही, दम लागला, काही पोटात ठरत नाही किंवा छातीत धडधडतंय असं झालं, तर त्याच दिवशी या. येताना जुनी फाइल आणि चालू गोळ्या सोबत आणा. दवाखान्यात नवीन डॉक्टर असतील तर "ताप आलाय" म्हणायच्या आधी "मला पक्षाघात होऊन गेलाय" हे सांगा. आणि पुढचे तीन-चार आठवडे सकाळी उठल्यावर घरातल्या कुणीतरी त्यांच्याशी दोन वाक्यं बोलून, चहाचा कप त्यांच्या हातात देऊन पाहा, आधी एका हातात, मग दुसऱ्या.